सीबी ३५० घ्यावी की आरडी ३५०? आधी दोघी कशा मरतात ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा. कोलंबसला, म्हणजे ओहायोत, राहणाऱ्या एका तरुण मित्राला पहिली जुनी जपानी मोटारसायकल घ्यायची आहे. समोर दोन आल्या आहेत. पहिली १९७२ ची होंडा सीबी ३५०. बंद आहे, पण सगळं मूळचं आहे. मागणी १,८०० डॉलर. दुसरी १९७४ ची यामाहा आरडी ३५०. चालू आहे, एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचे फुगीर, शर्यतीच्या धाटणीचे सायलेन्सर) आणि उघडे फिल्टर लावलेत, सात-आठ वर्षं उभी होती आणि हल्लीच चालू केली आहे. मागणी ५,५०० डॉलर. शनिवार-रविवार फिरवायची, हाताने काम शिकायचं, घरी गॅरेज आहे. वडिलांकडे सांगलीत राजदूत ३५०, म्हणजे आरडीचीच भारतात बनलेली बहीण, होती, त्यामुळे मन यामाहाकडे. "काका, कुठली घेऊ?"

उत्तर आधीच देऊन टाकतो: या दोघींतली होंडा घे. पण याचा अर्थ होंडा यामाहापेक्षा सरस, असा काढू नकोस. धडधाकट आरडी समोर असती तर मी कदाचित उलटं सांगितलं असतं. पन्नास वर्षं जुन्या गाड्यांची तुलना हॉर्सपॉवरवर करून काही हाती लागत नाही. कुठली गाडी कशी बिघडते आणि बिघडण्याआधी तुला सांगते का, हे बघायचं. होंडा हळूहळू मरते आणि मरताना भरपूर आवाज करते. आरडी एका मिनिटात मरते, आणि त्याच्या आधीची दहा मिनिटं ती आयुष्यातली सगळ्यात छान पळत असते.

आकडे पटकन सांगतो, कारण ते कुठेही मिळतात. सीबी ३५० आली १९६८ मध्ये, चालली १९७३ पर्यंत. नावात ३५० असलं तरी इंजिन ३२५ सीसीचं. दोन सिलिंडर, फोर-स्ट्रोक, वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा), ३६ हॉर्सपॉवर आणि तीही साडेदहा हजार आरपीएमला. पाच गिअर, बटन स्टार्ट आणि जोडीला किक. उंच सायलेन्सरवाली सीएल ३५० धरून अमेरिकेत तीन लाखांच्या वर खपली, म्हणूनच इथे अजून दर चौथ्या कोठारात एखादी सापडते. आरडी ३५० ची वर्षं १९७३ ते १९७५. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणाऱ्या, उलटं जाऊ न देणाऱ्या पात्या), ३९ हॉर्सपॉवर साडेसात हजारला, सहा गिअर, पुढे डिस्क ब्रेक आणि फक्त किक. गंमत म्हणजे बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, दोन्हींचा ६४ मिलिमीटरच. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, होंडाचा ५०.६, यामाहाचा ५४. भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा: २०२० मध्ये आलेली हायनेस सीबी ३५० ही एका सिलिंडरची वेगळी गाडी आहे. तिचं या सीबीशी नातं नावापुरतंच.

आता होंडाकडे येऊ.

या इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँक, गिअरबॉक्स, क्लच, हा दणकट आहे. इथल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींत ३५० च्या वर्गात आजही याच होंडा भरलेल्या असतात, त्या उगाच नाही. दुखणं वर आहे. कॅमला वेगळी बेअरिंग नाहीत. कॅमची दोन्ही टोकं थेट ॲल्युमिनियमच्या घरात फिरतात आणि तिथे तेल पोहोचवणारी वाट अरुंद आहे. तेल कमी पडलं किंवा घाण झालं की पहिला मार कॅमला आणि रॉकरला (कॅमवरून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेला) बसतो. त्यात या गाडीला आजच्यासारखा बदलायचा ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या उजव्या टोकावर एक फिरती वाटी आहे. तेल तिच्यातून जाताना गाळ कडेला चिकटून राहतो, आणि तो गाळ कुणीतरी झाकण काढून पुसायचा असतो. पन्नास वर्षांत किती मालकांनी ते झाकण उघडलं असेल? मी जेव्हा जेव्हा असं इंजिन उघडतो तेव्हा त्या वाटीत काळ्या ग्रीससारखा थर असतो, कधी कधी बोटाच्या पेराएवढा. त्या थरावरून आधीचा मालक कसा होता ते कळतं.

बंद होंडा बघायला जाशील तेव्हा किक मारू नकोस. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात रिंगा बोरला चिकटलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटते. दोन्ही प्लग काढ, बोरमध्ये थोडं तेल सोड, डाव्या बाजूचं अल्टरनेटरचं झाकण काढून क्रँकच्या बोल्टला पाना लाव आणि हलक्या हाताने फिरवून बघ. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलास. नाही फिरलं, तरी गाडी टाकून देऊ नकोस, भाव पाड. चिकटलेल्या रिंगा बहुतेक वेळा तेलात आठवडाभर भिजवून सुटतात.

मग टॅपेटची (रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या फटीची) झाकणं उघड. इथे या गाडीची एक खासियत आहे. टॅपेट सेट करायला नेहमीचा स्क्रू-नट नाही. रॉकर ज्या दांड्यावर बसतो तो दांडाच एक्सेंट्रिक (मध्याबाहेर फिरणारा) आहे, तो फिरवून गॅप कमी-जास्त करायचा. इनटेकला ०.०५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.१०. चारही दांडे साधारण सारख्या जागी असतील तर ठीक. एखादा पार टोकापर्यंत फिरवलेला दिसला तर त्याखालचा रॉकर किंवा कॅम खाल्लेला आहे, असं धरून चाल. नवा कॅम आता सहज मिळत नाही. दुसऱ्या गाडीतून काढलेला मिळतो, पण तोही कुणाच्या तरी त्याच दुर्लक्षातून गेलेला असतो. पुढे इंजिन चालू झालं की थंड असतानाच एक झाकण उघडून वर तेल येतंय का ते डोळ्यांनी बघायचं. अंगावर चार थेंब उडतील, उडू देत.

कार्बोरेटर केहिनचे आहेत, आणि त्यात स्लाइड केबलने उचलत नाही, हवेच्या ओढीने उचलते. स्लाइडला एक पातळ रबरी पडदा असतो. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी ते सिलिंडर चार हजारांच्या वर रडायला लागतं. कार्बोरेटर उघडल्यावर पडदा उजेडापुढे धर आणि हलकेच ताण; भोक असेल तर तिथून उजेड दिसेल. याच कारणाने या होंडाला उघडे फिल्टर लावणं म्हणजे हाताने दुखणं ओढवून घेणं. मूळचा एअर बॉक्स (फिल्टरची पेटी) आहे हे तू लिहिलंस, तेव्हा मी मनात भाव दोनशे डॉलरने वाढवून टाकला.

इलेक्ट्रिकमध्ये एकच गोष्ट लक्षात ठेव: हेडलाइट लावून सिग्नलला उभा राहिलास की ही गाडी बॅटरी भरत नाही, खाते. एलईडी बल्ब आणि नवा रेक्टिफायर-रेग्युलेटर बसवला की प्रश्न मिटतो.

एवढं सगळं ऐकून होंडा नाजूक वाटेल. पण बघ, मी सांगितलेला प्रत्येक बिघाड आधी बोलतो. कॅम खाल्ला तर वरून टकटक ऐकू येते, पडदा फाटला तर एक बाजू मिस मारते, कॅम फिरवणारी टायमिंग चेन ढिली झाली तर खडखड होते. आणि हे ऐकू आल्यावरही गाडी तुला घरी आणते. शिकणाऱ्याला याहून चांगला मास्तर मिळायचा नाही.

आरडीचं सगळं याच्या उलट आहे.

एका बाबतीत ती होंडापेक्षा फार सोपी आहे. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. हेडचे नट सोडले, सिलिंडर वर उचलला की पिस्टन हातात. दोन सिलिंडर उघडून, नवे पिस्टन-रिंग घालून पुन्हा बांधायला सरावलेल्या माणसाला एक दुपार पुरते. होंडाचं वरचं काम करायचं तर इंजिन फ्रेममधून काढायचं मनात धरूनच बसावं लागतं. त्यामुळे "टू-स्ट्रोक अवघड" हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. आरडी दुरुस्त करायला सोपी आहे. ती माफ करत नाही, एवढंच.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंपाचा भाग असतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना ते दाबतो, आणि ते वर सिलिंडरमध्ये जातं. ही पेटी हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांची रबरी सीलं. गाडी वापरात असो वा नसो, ही सीलं वर्षांबरोबर कडक होतात. उजवं सील क्लचच्या बाजूला, तेलात असतं. ते गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं तेल पिऊ लागतं आणि उजव्या सायलेन्सरमधून धूर येतो, म्हणजे निदान कळतं तरी. डावं सील अल्टरनेटरच्या बाजूला, कोरडं असतं. ते गेलं की तिथून निव्वळ हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक काही काळ भलतंच हलकं, चपळ पळतं. चालवणारा खूश होऊन आणखी पिळतो. मग पिस्टन फुगून बोरला पकडतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. त्या वेळी डावा हात क्लचवर नसेल तर पुढचं काही तुझ्या हातात राहत नाही. म्हणून आरडी चालवताना दोन बोटं कायम क्लचवर. ही सवय राजदूतवाल्यांना सांगावी लागत नाही.

यात उघडे फिल्टर आणि एक्स्पान्शन चेंबर आले की धोका आणखी वाढतो. दोन्हींमुळे इंजिनला जास्त हवा मिळते. तेवढं पेट्रोल द्यायला मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक, मोठं करावं लागतं. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचार: "मेन जेट कितीचं आहे?" आकडा सांगितला तर तो माणूस गाडी ओळखतो. "काही बदलायची गरज पडली नाही" म्हणाला तर ती गाडी आज ना उद्या पकडणारच, फक्त अजून पकडलेली नाही.

सात-आठ वर्षं उभी राहिल्याचाही दोघींवर सारखा परिणाम होत नाही. होंडाच्या क्रँकवर तेलाचा थर राहतो. आरडीच्या क्रँकची बेअरिंग पेट्रोलबरोबर येणाऱ्या तेलाच्या ओलाव्यावर जगतात. गाडी उभी राहिली की तो उडून जातो आणि ओहायोच्या दमट उन्हाळ्यात रोलरवर गंजाचे ठिपके पडतात. क्रँक प्रेसमध्ये दाबून जोडलेला असतो, घरी उघडता येत नाही. ते काम प्रेस आणि डायल गेज असलेल्या माणसाकडेच द्यावं लागतं, आणि खर्चात सगळ्यात मोठी उडी तिथेच बसते.

तरीही आरडी बघायला जायचंच असेल (जाशील, मला माहीत आहे), तर हे कर. गाडी थंड असताना पोहोच. इंजिनला हात लावून बघ. आधीच गरम असेल तर तू यायच्या आत त्याने चालू केलंय, म्हणजे थंड स्टार्टला काहीतरी लपवायचंय. मग त्याला विचारून एका बाजूचं एक्झॉस्ट सोडव. टू-स्ट्रोकची ही मेहेरबानी आहे: एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारली की पिस्टनची बाजू आणि रिंगा सरळ दिसतात. किक हळू दाबत पिस्टन वर-खाली ने. पिस्टनच्या अंगावर उभ्या चकचकीत रेघा किंवा ॲल्युमिनियम माखल्यासारखे पट्टे दिसले तर तो एकदा पकडून सुटलेला आहे. रिंग खाचेत मोकळी हलली पाहिजे. दुसऱ्या बाजूलाही तेच बघ. बोर किती ओव्हरसाइजवर आहे तेही विचार. पाव-पाव मिलिमीटरने वाढवत नेतात आणि शेवटच्या साइजला पोहोचलेला सिलिंडर पुढच्या वेळी नवी बाही (लायनर) मागतो.

खरा निकाल मात्र प्रेशर टेस्टचा. दोन्ही एक्झॉस्ट आणि दोन्ही इनटेक रबरी बुचांनी किंवा पत्र्याने बंद करायचे, प्लग जागेवर, आणि एका बुचातून नळी काढून सहा पीएसआय हवा भरायची. डॉक्टर बीपी मोजताना वापरतात तो फुगा आणि एक छोटा गेज एवढ्यावर काम भागतं. दोन्ही बाजू एकदमच बंद करायच्या, कारण मधलं सील पूर्ण हवाबंद नसतं, हवा थोडी इकडून तिकडे जाते. मग घड्याळ बघायचं. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: हेडच्या कडेला, सिलिंडरच्या बुडाला, रीडच्या रबरी तोंडाजवळ, आणि डावीकडचं झाकण काढून क्रँकच्या सीलवर. जिथे बुडबुडे येतात तिथे दुखणं. विकणारा ही टेस्ट करू देत नसेल तर सीलं गेलेली, क्रँक करायचा, असं धरून भाव लाव. आरडीची नवी सीलं स्वस्त असतात. ती बसवण्यासाठी क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावे लागतात, खर्च त्याचा.

रीडही बघून घे. मूळच्या पात्या पोलादी आहेत. थकलेली पाती तुटली तर तुकडा थेट इंजिनात जातो. फायबरच्या पात्या बसवल्या की ती भीती जाते. टायमिंग डोळ्याने किंवा कानाने करू नये. प्लगच्या भोकात डायल गेज बसवून पिस्टन टॉपच्या २.० मिलिमीटर आधी पॉइंट (ठिणगी पाडणारा संपर्क) उघडतो का ते पाहायचं, प्रत्येक सिलिंडरचं वेगळं, कारण पॉइंटचे संच दोन आहेत. दोन्हींत थोडा फरक राहिला तरी एक बाजू जास्त तापते.

तुझ्या वडिलांच्या राजदूतबद्दल. राजदूत ३५० ही एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बनवलेली आरडी ३५० बी. दिसायला तीच, पण आत बरंच आवळलेलं. ३९ हॉर्सपॉवरच्या जागी सुरुवातीच्या, म्हणजे हाय टॉर्क गाडीला साडेतीस आणि नंतरच्या लो टॉर्कला सत्तावीस. पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम दिला. ती पोरांना उडवायची अशी ख्याती होती, त्यात पिकअपइतकाच त्या ड्रमचाही वाटा होता असं माझं मत आहे. "ॲव्हरेज किती?" या प्रश्नापुढे तिचा टिकाव लागला नाही; १०० सीसीच्या जपानी गाड्या आल्यावर तर नाहीच. कोल्हापूरला मी तिची कामं केली तेव्हा बहुतेक गाड्यांचे ऑइल पंप काढून टाकलेले असायचे आणि मालक पेट्रोलमध्ये हाताने ऑइल मिसळायचे. पंपावर विश्वास नव्हता. घाटात मात्र दोन्ही पद्धतींत एकच गोम: आंबोली उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गिअरवर गाडी सोडली की इंजिन फिरतंय जोरात आणि तेल मिळतंय थेंबभर. जाणते लोक उतारावर मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटलला एक झटका देत. अमेरिकन आरडीचा पंप मूळचा असेल तर काढू नकोस. केबलची खूण जुळवून घे आणि नळ्यांत हवा राहिलेली नाही ना ते पाहा.

सांगायचं असं की तुला आठवते ती वडिलांची गाडी आणि ओहायोत विकायला आहे ती गाडी, यांच्यात जवळजवळ नऊ-बारा हॉर्सपॉवरचं अंतर आहे, त्यात वर चेंबर लावलेत. वडिलांच्या मागे बसून जी ओळख झाली तिच्या भरवशावर ही पिळू नकोस.

चालवायला कशा? होंडा कुठेही सोबत देते. खालून ओढते, वर ओरडते, पण तिच्या ओरडण्याला भ्यायचं कारण नाही, ती बनलीच आहे त्यासाठी. हायवेवर ७० मैलांना ती मेहनत करत असते. ओहायोतल्याच हॉकिंग हिल्सच्या वळणांवर पन्नास-पंचावन्नला मात्र तिच्यासारखी गाडी नाही. पुढचा ड्रम नीट सेट केलेला असेल तर भरपूर पुरतो. चढावर उभा राहिलास आणि गाडी मागे सरकू लागली तर मात्र पुढच्या ब्रेकवर विसंबू नकोस. त्या ड्रमची रचना, डबल लीडिंग शू, उलट्या दिशेला फारशी धरत नाही. लायनिंग जुन्या डिंकाने चिकटवलेलं असतं, ते आधी तपासून घे. सुटलेलं लायनिंग चाक अडकवतं.

आरडी पाच हजारांपर्यंत साधी, थोडी कुरकुरणारी गाडी वाटते. त्याच्या वर एकदम दुसरं इंजिन चालू झाल्यासारखं होतं, हँडल हलकं होतं, आणि ते टिकवायला सहा गिअर आहेत. शर्यतीच्या यामाहांशी तिचं जवळचं नातं आहे. १९७४ मध्ये इटालियन शर्यतपटू आगोस्तिनीने ३५० चं जागतिक विजेतेपद यामाहाच्या टू-स्ट्रोक ट्विनवर मिळवलं, त्याच घराण्यातली ही. त्या काळात एवढ्या पैशात असं काही मिळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. ब्रेक उत्तम आहे, पण डिस्कची मूळची रबरी नळी बदललीच पाहिजे. जुनी नळी आतून फुगते, दाबलेला ब्रेक सुटत नाही आणि डिस्क तापत राहते. पेट्रोल होंडाच्या दीडपट पिते.

पाने हातात घेण्याआधी एक किरकोळ वाटणारी पण पैसे वाचवणारी गोष्ट. दोन्ही इंजिनांच्या झाकणांना फुलीचे स्क्रू आहेत आणि ते जपानी मापाचे, जेआयएस आहेत. दुकानातला साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, वर उचलला जातो आणि डोकं गोल करून टाकतो. जेआयएसचा स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, ही दोन हत्यारं पहिल्या दिवशी विकत घे. सगळे स्क्रू सुस्थितीत असलेलं इंजिन दिसलं तर ते बहुधा कुणी उगाच उघडलेलं नाही. तुझ्या फोटोत होंडाच्या उजव्या झाकणाचे स्क्रू मला शाबूत दिसले. यामाहाच्या डाव्या झाकणाला तीन वेगवेगळे बोल्ट आहेत.

सुट्या भागांचं दोघींचंही बरं आहे. होंडाच्या एवढ्या गाड्या खपल्या की जुनं सामान संपतच नाही. जुलैत मिड-ओहायोच्या ट्रॅकवर व्हिंटेज मोटारसायकल डेज हा जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तुझ्यापासून तासाभरावर. तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारात साइड कव्हरपासून टाकीपर्यंत सगळं मिळेल, फक्त कॅम घेताना त्याच्या उंचवट्याचं टोक बोटाने चाचपून घे. आरडीसाठी इथे टू-स्ट्रोकची खास दुकानं आहेत, आणि राजदूतमुळे भारतात बनलेले भागही ऑनलाइन येतात. गॅस्किट, केबल, रबर यांना ते ठीक. पिस्टन आणि क्रँकचे भाग मात्र मी तिथून घेत नाही.

कागदपत्रांत एवढंच बघ: आरडीचा इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर कारखान्यातून एकच असायचा, सुरुवात ३५१ ने. वेगळे असतील तर इंजिन बदललेलं आहे, आणि ५,५०० मागायचा त्याला हक्क नाही. होंडाचे दोन नंबर मुळातच वेगळे असतात, त्यावरून घाबरू नकोस. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, विकणाऱ्याच्याच नावावर हवं.

तेव्हा होंडाला १,४०० पासून सुरुवात कर. इंजिन पान्याने फिरलं तर १,६०० पर्यंत जा. घरी आणल्यावर स्टार्ट करायची घाई नको. क्रम असा: जुनं तेल काढ, ती फिरती वाटी उघडून पूस, टाकी आतून बघ, कार्बोरेटर सोडव, पडदे तपास, दोन्ही पॉइंट आणि टॅपेट सेट कर, नवी बॅटरी, नवे टायर. टायर खोल नक्षीचे आणि छान दिसत असले तरी बदल; बाजूला छापलेल्या तारखेचे चार आकडे वाच, शेवटचे दोन वर्षाचे. तेल घालताना बाटलीवर जेआसो एमए (JASO MA, मोटारसायकलच्या तेलाचं जपानी मानक) लिहिलेलं हवं, कारचं तेल घातलंस तर क्लच घसरू शकतो. हिवाळ्यात गाडी लावून ठेवताना कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाक, कारण इथल्या पेट्रोलमधलं दहा टक्के इथेनॉल पाणी ओढतं आणि जेट बुजवतं.

आणि आरडीवाल्याचा नंबर ठेवून दे. हिवाळा आला की अशा गाड्यांची मागणी उतरते. डिसेंबरात त्याला फोन करून प्रेशर टेस्ट करू देतोस का विचार. हो म्हणाला तर मला कळव, फुगा आणि बुचं माझ्याकडे आहेत.